गरिबी हटवायचीय? आधी फ्लेक्सची साईज ठरवा

तर तुम्ही ठरवलंयत की वस्तीत वर्कशॉप घ्यायचं, पोरांना मेंटॉर लावायचे आणि गरिबी घालवायची. छान. मी स्वतः पुण्यात एका संस्थेत (नाव सोडा) दोन वर्षं सतरंज्या अंथरण्यापासून हजेरीच्या याद्या भरण्यापर्यंत सगळं केलंय, त्यामुळे फुकटचा सल्ला द्यायचा मला पूर्ण अधिकार आहे.

सगळ्यात आधी फ्लेक्स. शिकवायचं काय, शिकवणार कोण, कुणाला शिकायचंय का, हे नंतर बघता येतं. 'चला, गरिबीवर मात करूया' असं ठळक अक्षरात, वर कंपनीचा लोगो, डावीकडे साहेब, उजवीकडे माजी नगरसेवक, आणि कोपऱ्यात नेटवरून उचललेली एक हसरी बाई, जी या वस्तीतली नाही आणि बहुतेक या देशातलीही नाही. बारा बाय सहाचा घ्या, जाड क्वालिटीचा. इथे काटकसर नको.

तारीख मार्चमधलीच पाहिजे. २०१४ पासून कायदाच आहे ना, मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजकार्यावर, खर्च करायचे, तर ते पैसे वर्षभर कुणाला आठवत नाहीत आणि फेब्रुवारीच्या शेवटी कुणाच्या तरी एक्सेलमधे लाल रकाना दिसतो की तुम्हाला फोन येतो. तेव्हा पोरांच्या परीक्षा असतात, असू देत, आपला मार्च एंड दहावीपेक्षा मोठा. वार मंगळवार, वेळ सकाळी अकरा. अकरा वाजता बायका सोसायटीत तिसऱ्या घरची भांडी घासत असतात आणि पुरुष मजूर अड्ड्यावरून कामाला गेलेले असतात, म्हणजे जे कोणी येतील ते रोज बुडवूनच येतील. बुडलेला रोज भरून द्यायचा का असा विषय मीटिंगमधे कुणी काढलाच तर शांतपणे सांगा, नको, लोकांना फुकटची सवय लागते. हे सांगणाऱ्या ट्रेनरला दिवसाचे पाच हजार मिळतात, पण त्याला मानधन म्हणतात, त्याची सवय लागत नाही.

रोजाऐवजी नाश्ता द्या. समोसा, वेफर्स, केळं आणि तो टेट्रापॅकमधला मँगो ज्यूस. २०११ साली योजना आयोगाने सुप्रीम कोर्टात शपथपत्र दिलं होतं की शहरात दिवसाला ३२ रुपये खर्च करू शकणारा माणूस गरीब धरायचा नाही. आमचा बॉक्स पंचेचाळीसचा होता. म्हणजे त्या हिशोबाने सव्वाअकरा ते साडेअकरा अख्ख्या समाजमंदिरात एकही गरीब नव्हता, फक्त आम्हाला ते रिपोर्टमधे घालायचं सुचलं नाही. तुम्ही घाला.

मग आर्थिक साक्षरता. ५०-३०-२० चा नियम शिकवा, पन्नास टक्के गरजा, तीस टक्के हौस, वीस टक्के बचत. आमच्याकडे एका मावशींनी हात वर केला. म्हणाल्या, चार घरची कामं धरून बारा हजार येतात, त्यात भाडं, गॅस, लाईट, पोरीचा क्लास, बचत गटाचा हप्ता, तर हे हौसेचे छत्तीसशे कशातून काढायचे आणि काढलेच तर हौस म्हणजे काय करायचं असतं? ट्रेनर म्हणाला 'व्हेरी गुड क्वेश्चन' आणि पुढची स्लाईड लावली. ह्याच मावशी अकरा वर्षं वीस बायकांची भिशी चालवतात, वही नाही, पेन नाही, सगळं तोंडपाठ, एक रुपया इकडचा तिकडे नाही. पण साक्षर आपण त्यांना करायचंय, हे विसरू नका. रोजचा दहाचा चहा सोडला तर वर्षाचे ३६५० वाचतात हे गणित फळ्यावर मांडाच. डेंग्यूने एकदा ऍडमिट झालं की दोन दिवसात तेवढे सगळे चहा परत जातात, ते मांडू नका.

प्रेरणेसाठी लिज्जत पापड. १९५९, गिरगाव, गच्चीवर जमलेल्या सात बायका, जिद्द, चिकाटी, टाळ्या. फक्त त्यांनी सुरुवातीला ८० रुपये उसने घेतले होते हा भाग पटकन उरका, नाहीतर मागून कोणतरी विचारतं, आम्हाला कोण देणार? आणि त्या बायका धंद्यात मालकीण म्हणून सामील होत्या हे तर बोलूच नका, विषय भलतीकडे जातो. त्यापेक्षा ब्यूटी पार्लरचा कोर्स बरा. आम्ही एकाच गल्लीतल्या तीस जणींना दिला. आता गल्लीत तीस पार्लरवाल्या आहेत आणि त्या एकमेकींच्या भुवया कोरतात.

आता मेंटॉरिंग. मेंटॉर हिंजवडीच्या आयटी कंपनीतला असावा आणि त्याने वस्ती फक्त कॅबच्या काचेतून पाहिलेली असावी, म्हणजे मन कसं कोरं असतं. एकूण सहा भेटी ठरवा, त्यातली एक ओळखीची, एक फोटोची, दोन क्वार्टर एंडमुळे रद्द. आमच्या एका मेंटॉरने बारावीतल्या पोराला विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतोस? पोरगं म्हणालं, इथंच, नायतर एसआरएवाले (झोपडपट्टी पुनर्वसनवाले) टाकतील तिथं. फॉर्मवर 'व्हिजन' समोर शेरा आला, सुधारणेस वाव. मग पोराने विचारलं की सर, पप्पांचे बिगारीचे दोन महिन्यांचे पैसे ठेकेदाराकडे अडकलेत, फोन उचलत नाही, काय करायचं? सर जरा थांबले, आणि म्हणाले, बघ, इथेच नेटवर्किंग कामाला येतं.

ह्या सगळ्यात एक पथ्य पाळा, ह्याच पुण्यातल्या कचरा वेचणाऱ्या बायकांचं नाव वस्तीत काढू नका. १९९३ मधे कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्यासोबत त्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत काढली, आणि पहिल्यापासून बोलणं काय, तर भंगारवाला काट्यात मारतो, पोलीस चोर समजतात, आम्हाला ओळखपत्र द्या. महापालिकेचं ओळखपत्र मिळवलं, आणि २००८ ला तर स्वच्छ नावाची सहकारी संस्था काढून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलायला लागल्या, घरटी पैसे घेऊन. माइंडसेट म्हणून नाही, व्हिजन बोर्ड म्हणून नाही. लोकांना असलं काही कळलं की ते वर्कशॉपला बसत नाहीत, ठेकेदाराच्या दारात जाऊन बसतात, आणि तो फोटो कंपनीला पाठवता येत नाही.

शेवटी फीडबॅक फॉर्म भरून घ्या, पाच पैकी पाच स्मायली, नाश्ता वाटायच्या आधी. पोचपावत्या जपून ठेवा, ऑडिटला लागतात.

आम्ही जूनमधे फॉलोअपला गेलो होतो, पहिल्याच पावसात. मावशींच्या पत्र्यावर आमचा फ्लेक्स ताणून बांधलेला, वर चार विटा, साहेब आणि माजी नगरसेवक दोघेही आभाळाकडे बघत भिजत होते. मी विचारलं, मावशी, वर्कशॉपचा काही उपयोग झाला का? झाला की, म्हणाल्या, खाटेवर आता एक थेंब पडत नाही. फक्त मोरीवर पुरत नाही, तर पुढच्या वर्षी जरा मोठा बनवा आणि कडेला रिंगा जास्त मारून घ्या.