खुलासा : हेझी आयपीएचा गढूळपणा यीस्टचा नव्हे

हेझी आयपीए ही भरपूर हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुले) घातलेली गढूळ बिअर. ‘हेझी आयपीए न गाळलेल्या यीस्टमुळे (बिअर आंबवणाऱ्या खमिरामुळे) गढूळ दिसते, जितकी गढूळ तितकी ताजी,’ हा सध्या फिरणारा दावा चुकीचा आहे. टिकणारा गढूळपणा मुख्यतः ओट्स-गव्हातली प्रथिने आणि हॉप्समधली पॉलिफेनॉल्स (वनस्पतींतली तुरट संयुगे) जोडली गेल्याने येतो. यीस्ट थंडीत काही दिवसांत तळाशी बसते; तरंगत राहिले तर चव पिठूळ होते, घशाला खवखवते.

ताजेपणा रंगावर आणि वासावर ओळखा. लिटरला १० ते १५ ग्रॅम ड्राय हॉप्स (न उकळता, थेट बिअरमध्ये टाकलेले हॉप्स) घातलेल्या या बिअरला ऑक्सिजन अजिबात सोसत नाही. भरताना हवा शिरली की पिवळा रंग करडा-तपकिरी होतो, फळांचा सुगंध जातो. गढूळपणा मात्र तसाच राहतो! म्हणून कॅनवरची पॅकिंगची तारीख आधी बघा.