चहाच्या टेबलावर कोण बसते

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असे मत मांडले आणि जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे नव्वद तासांचे, रविवारीही कामावर येण्याचे विधान गाजले. तेव्हापासून कामाच्या तासांचा वाद महाराष्ट्रातल्या माझ्या ओळखीच्या संशोधकांच्या घरांतही शिरला आहे. वाद मूळचा उद्योगांचा असला, तरी त्याची झळ प्रयोगशाळांना लागते, कारण सरकारी संशोधन संस्थांविषयी आपल्याकडे जुना समज आहे, की तेथली माणसे उशिरा येतात, चहा पितात, गप्पा मारतात आणि पाच वाजले की निघतात. दाराशी बायोमेट्रिक हजेरीचे यंत्र बसवले म्हणजे हे सगळे सुधारेल, असे मनापासून मानणारे सुशिक्षित लोक मला सुट्टीत घरी गेले की हटकून भेटतात.

मी राहते त्या केंब्रिजमध्ये हे ऐकताना गंमत वाटते. येथे सकाळी अकराच्या सुमारास माणसे हातातले काम थांबवून उठतात, कॉफीच्या खोलीत जमतात आणि पंधरावीस मिनिटे ज्याचा संशोधनाशी काडीचाही संबंध नाही अशा विषयांवर बोलत बसतात. दुपारी चहाच्या वेळी पुन्हा तेच. याला कोणी कामचुकारपणा म्हणत नाही. मात्र ‘पाहा, इंग्रज गप्पा मारतात आणि तरीही नोबेल मिळवतात’ एवढेच सांगायचे असते, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. गप्पा आपल्याकडेही भरपूर आहेत; पुण्यासारख्या शहरात तर त्यांचा तुटवडा असल्याची तक्रार कोणी करणार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या गप्पांत कोण कोणाशी बोलते, हे तासांच्या हिशेबात कोणीच मोजत नाही, आणि माझ्या मते आपल्या संशोधनाचे दुखणे बरेचसे तेथे आहे.

केंब्रिजमधल्या ज्या प्रयोगशाळेचे उदाहरण नेहमी दिले जाते, ती ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची (एमआरसी) रेण्वीय जीवशास्त्राची प्रयोगशाळा १९६२ मध्ये नव्या इमारतीत सुरू झाली. तिचे प्रमुख मॅक्स पेरुत्झ यांनी पुढे लिहून ठेवले आहे, की शास्त्रज्ञ एकमेकांशी बोलतच नाहीत म्हणून प्रयोगशाळा अनेकदा फसतात, असा त्यांचा अनुभव होता आणि म्हणून सकाळची कॉफी, जेवण व दुपारचा चहा यांच्या निमित्ताने सगळे एकत्र येतील असे कॅन्टीन त्यांनी मुद्दाम बांधून घेतले. वीस वर्षांहून अधिक काळ ते कॅन्टीन त्यांच्या पत्नी गिझेला यांनी चालवले. अन्न चांगले असावे आणि तेथे माणसांची मैत्री व्हावी, याकडे त्यांचे लक्ष असे. नवे शोध लागावेत म्हणून नव्हे, मैत्री व्हावी म्हणून. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. ज्याला आपण खास इंग्रजी रीत समजतो, ती येथे रुजवणारे हे जोडपे इंग्रज नव्हते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. पेरुत्झ व्हिएन्नाचे, गिझेला बर्लिनच्या. १९४० मध्ये ब्रिटिश सरकारने पेरुत्झ यांना शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून स्थानबद्ध करून कॅनडाला पाठवले होते. परक्या देशात कोणाच्याही टेबलाशी हक्काने बसता न येणे म्हणजे काय, हे त्या दोघांना चांगले ठाऊक असणार.

याहून जुनी आणि मला अधिक आवडणारी गोष्ट हर्टफर्डशायरमधल्या रॉथम्स्टेड या शेती संशोधन केंद्राची आहे. तेथे १९०६ मध्ये विनिफ्रेड ब्रेंचली ही पहिली स्त्री संशोधक रुजू झाली. प्रयोगशाळेत बाई आली की तिच्याशी वागायचे कसे हे त्या काळी कोणाला उमजत नव्हते. पण तिला चहा तर द्यायलाच हवा, यावर सर्वांचे एकमत झाले आणि त्या दिवसापासून दुपारी चार वाजता चहाचा ट्रे व बिस्किटांचा डबा येऊ लागला. पुढे १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर हे संख्याशास्त्रज्ञ तेथे आले. एका दुपारी त्यांनी म्युरिएल ब्रिस्टल या शैवालांच्या अभ्यासक बाईंपुढे चहाचा कप धरला, तर बाईंनी तो नाकारला. दूध आधी घालून त्यावर चहा ओतलेला त्यांना आवडे, आणि या कपात ते उलट झाले होते. त्याने काय फरक पडतो, असे फिशर म्हणाले. पडतो, मला चवीवरून ओळखता येते, असे त्या म्हणाल्या. मग शेजारच्या एकाने परीक्षा घेण्याचे सुचवले.

फिशर यांनी १९३५ मधल्या प्रयोगरचनेवरील आपल्या ग्रंथात याच प्रसंगापासून विवेचन सुरू केले. आठ कप, चारांत दूध आधी आणि चारांत नंतर, क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा यादृच्छिक. आठांतून चार कप निवडण्याचे सत्तर मार्ग आहेत, म्हणून केवळ नशिबाने सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरांत एक. नव्या औषधाची आणि बियाण्याच्या नव्या वाणाची चाचणी आजही ज्या तर्काने घेतली जाते, त्याचे हे सर्वांत सोपे उदाहरण आहे. बाईंचे नाव आणि परीक्षेचा निकाल मात्र फिशर यांनी ग्रंथात दिला नाही. संख्याशास्त्र शिकवणारे ही गोष्ट गणितासाठी सांगतात. मला तिच्यातला त्याआधीचा क्षण मोलाचा वाटतो. जेथे बाईंच्या वावराची सवय होऊन फार वर्षे झाली नव्हती, अशा ठिकाणी एका स्त्रीने एका गणितज्ञाला सरळ सांगितले, की तुमचा चहा बिघडला आहे आणि तुमचे म्हणणेही चूक आहे, आणि त्याने रागावण्याऐवजी कप मांडले.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. अवांतर गप्पांचे समर्थन करताना लोक अशा फळलेल्या प्रसंगांचीच यादी वाचतात. १९५० च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी तिघा सहकाऱ्यांबरोबर जेवायला निघाले असता उडत्या तबकड्यांवर आणि न्यूयॉर्कमधले कचऱ्याचे डबे परग्रहवासी पळवत असल्याचे दाखवणाऱ्या एका व्यंगचित्रावर बोलणे झाले. नंतर जेवताना भलताच विषय चालू असताना फर्मी एकदम म्हणाले, ‘पण मग आहेत कुठे सगळे?’ परग्रहवासीयांविषयीचा हा प्रश्न आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. गोष्ट खरी आहे आणि छान आहे. पण ज्या हजारो दुपारी काहीच निष्पन्न झाले नाही, त्यांची नोंद कोणी ठेवत नाही. आमच्या टेबलावर बहुतेक वेळा घरभाडे, पाऊस, सायकलची चोरी आणि फुटबॉल एवढेच असते. शोधांच्या आशेने गप्पांना वेळ द्या, असे सांगितले, तर हजेरीचे यंत्र बसवणारा अधिकारी उद्या विचारेल, की मागच्या तिमाहीत गप्पांतून किती शोधनिबंध निघाले; आणि त्याचा प्रश्न आपणच त्याच्या हाती दिलेला असेल.

गप्पांचा खरा उपयोग ब्रिस्टल बाईंच्या पहिल्या वाक्यात आहे. घरभाड्यावर ज्या प्राध्यापकाशी विद्यार्थ्याने वाद घातला आहे, त्याला गुरुवारच्या बैठकीत ‘तुमच्या आलेखातला हा ठिपका मला पटत नाही’ असे म्हणणे त्याच विद्यार्थ्याला थोडे सोपे जाते. विरोध करण्याची सवय क्षुल्लक विषयांवर लागते, कारण तेथे हरले तरी कोणाचे काही जात नाही. विज्ञानात चुका लवकर सापडायच्या असतील, तर ही सवय सर्वांत कनिष्ठ माणसाला असणे गरजेचे असते, कारण प्रयोग बहुधा त्याच्याच हातून होत असतो आणि काय बिघडले हे सर्वांत आधी त्यालाच दिसते.

आपल्याकडच्या अनेक विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत मी पाहिले आहे ते असे. विद्यार्थी बाहेर टपरीवर चहा पितात आणि तेथे त्यांच्यात जगातल्या सर्व विषयांवर कडाक्याचे वाद होतात. प्राध्यापकांचा चहा शिपाई त्यांच्या केबिनमध्ये नेऊन ठेवतो. तंत्रज्ञ आपापल्या खोलीत पितात. चहा एकाच वेळी, बहुधा एकाच पातेल्यातला, पण प्रत्येकाच्या पायरीवर जाऊन पोहोचणारा. याला सन्माननीय अपवाद आहेत, आणि ते महाराष्ट्रातच आहेत. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले (टीआयएफआर) वेस्ट कॅन्टीन तेथे काम केलेल्यांच्या आठवणींत हमखास येते. जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांच्या संस्थेत काम करून भारतात परतले आणि १९८८ मध्ये पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची स्थापना झाली, तेव्हा चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या त्या आवारात मोकळ्या चौकांना आणि बसायच्या जागांना प्रयोजन होते. पण वेगळी जागा बांधली की वेगळी वागणूक आपोआप येते, असे मानणेही भाबडेपणाचे होईल.

कारण टेबलावर कोणी बसायचे हा आपल्याकडे जुना आणि कडवट प्रश्न आहे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची गुणवंत पदवीधर कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागायला गेल्या, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी त्या मुलगी आहेत म्हणून आधी नकार दिला. मग वर्षभर परीक्षाधीन राहण्याच्या आणि पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित न करण्याच्या अटींवर त्यांना घेतले. त्याच कमलाबाई नंतर केंब्रिजला फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या जीवरसायन विभागात आल्या आणि १९३९ मध्ये पीएचडी झाल्या. त्या विभागात स्त्रिया बऱ्याच होत्या, आणि तेथल्या मंडळींनी १९२३ पासून काही वर्षे आपल्याच संशोधनाची आणि आपल्याच वरिष्ठांची टिंगल करणारे एक वार्षिक चालवले होते. प्रमुखाची थट्टा छापून काढता येईल अशा विभागात परदेशातून आलेल्या मुलीला तोंड उघडणे सोपे गेले असावे, असे मला वाटते.

हा इतिहास झाला, असे म्हणायची सोय नाही. एम्समधल्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारींची चौकशी सुखदेव थोरात यांच्या समितीने केली, तिच्या २००७ च्या अहवालात वसतिगृह, भोजनगृह आणि खेळाचे मैदान येथल्या दुराव्याचा उल्लेख आहे. म्हणजे नेमक्या त्या जागांचा, जेथे अभ्यास सोडून इतर बोलणे होते. २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीत भोजनगृहातली काही टेबले केवळ शाकाहारींसाठी राखण्यावरून वाद झाला आणि निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला दंडही झाला. घरच्या चर्चांत हा वाद खाण्यापिण्याच्या सवयींचा मानला गेला आणि सत्तर तासांचा वाद देशाच्या प्रगतीचा. मला मात्र संशोधनाच्या दृष्टीने टेबलांचा वाद अधिक गंभीर वाटतो. ‘मूळ गाव कोणते, आडनाव काय’ या प्रश्नांनी जेथे अवांतर गप्पा सुरू होतात, तेथे गप्प राहणे हाच काहींचा शहाणपणा ठरतो, आणि तो गप्पपणा माणूस बैठकीतही बरोबर घेऊन जातो.

आता इकडची बाजू. केंब्रिजमधले टेबल सर्वांना खुले आहे, हे खरे, पण खुल्या टेबलावरही परकेपण असते. लहानपणी पाहिलेल्या दूरदर्शन मालिका, शाळांचे प्रकार, सुट्टीतली किनाऱ्यावरची गावे हे विषय निघाले, की बाहेरून आलेल्या माणसाने हसायचे केव्हा एवढेच ओळखून बसायचे असते. शुक्रवारी संध्याकाळच्या गप्पा पबमध्ये सरकतात. दारू न पिणारे आणि पाळणाघर बंद होण्यापूर्वी मुलाला आणायला धावणारे, म्हणजे बहुधा आया, त्यांना मुकतात. सोमवारी कळते, की कोणते सहकार्य कोणी करायचे हे तेथेच ठरून गेले. जात येथे विचारत नाहीत, पण उच्चारावरून वर्ग ओळखण्याची कला येथल्या लोकांना चांगली अवगत आहे. तरीही, कॉफीच्या वेळेला घड्याळाची चौकट आहे, ती सर्वांना सोयीच्या दिवसाच्या मध्यावर आहे, आणि वरिष्ठ माणूस आपला कप स्वतः भरायला रांगेत उभा राहतो. या तीन गोष्टींना फार पैसा लागत नाही.

पैशाचा मुद्दा येथे आणते, कारण मायदेशातले मित्र लगेच तो काढतात. देशाच्या सकल उत्पन्नाचा जेमतेम ०.६४ टक्के भाग संशोधनावर खर्च होतो, रसायने महिनोन्‌महिने येत नाहीत, शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, आणि तुम्ही चहाच्या टेबलांच्या गोष्टी सांगता, असे ते म्हणतात. त्यांचा राग रास्त आहे. थकलेल्या शिष्यवृत्तीची जागा कोणतेही कॅन्टीन घेऊ शकत नाही. पण त्याच संस्थेला हजेरीची यंत्रे घ्यायला पैसे सापडतात. आणि ते यंत्र संशोधक किती वाजता आत आला एवढेच सांगते. चार महिन्यांपूर्वी एका विद्यार्थिनीला दिसलेली चूक तिने आपल्या मार्गदर्शकांना का सांगितली नाही, हे त्याला विचारता येत नाही.

केबिनमध्ये चहा नेणे बंद केले तर शिपायाच्या नोकरीचे काय, असे एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी मला विचारले. प्रश्न टाळण्यासाठी विचारला असला, तरी तो चांगला प्रश्न आहे. चहा टेबलापर्यंत त्याने आणावा आणि मग तेथेच बसून आपलाही प्यावा, असे मी म्हणाले, तेव्हा ते हसले. त्यांचे हसणे मला समजले, कारण माझ्या इमारतीत पहाटे साफसफाई करणारी कंत्राटी माणसेही अकराच्या कॉफीला नसतात; त्यांची पाळी आम्ही येण्यापूर्वीच संपलेली असते, आणि त्यांच्यापैकी कोणाचेही नाव आमच्या टेबलावरच्या कोणालाच माहीत नाही.