माहूरच्या कथेतला क्रम चुकला आहे

माहूरवरच्या लेखात परशुराम, त्याचे वडील जमदग्नी ऋषी आणि हैहय राजा सहस्रार्जुन यांच्याबद्दल 'सहस्रार्जुनाने जमदग्नींना मारले म्हणून परशुरामाने रागाच्या भरात त्याला मारले' असे म्हटले आहे, ते उलटे झाले. महाभारताच्या वनपर्वात सहस्रार्जुन जमदग्नींच्या आश्रमातून होमधेनूचे (यज्ञासाठी दूध देणाऱ्या गायीचे) वासरू ओढून नेतो, म्हणून आधीच मारला जातो. त्याचा सूड त्याची मुले जमदग्नींना मारून घेतात, तेही परशुराम आश्रमात नसताना. आणि पुढचे सगळे विधीने होते: आधी वडिलांचा अग्निसंस्कार, मग प्रतिज्ञा, मग 21 वेळा संहार, समंतपंचकात (कुरुक्षेत्रात) रक्ताचे 5 डोह आणि त्यातून पितरांचे तर्पण. तिथे आजोबा ऋचीक प्रकट होऊन त्याला थांबवतात. मग यज्ञ, आणि सगळी पृथ्वी कश्यपांना दान. राग आहेच, पण नुसत्या रागाच्या भरात हे होत नाही.

दुसरे म्हणजे माहूरवरच्या लेखात परशुरामाची आई रेणुकामाता दोनच ओळींत आटोपली, हे फार खटकले. आपल्याकडच्या परंपरेत वडिलांचा देह आणि आई कावडीत घेऊन परशुराम कोऱ्या, म्हणजे आधी कुणाचा अंत्यविधी न झालेल्या, भूमीच्या शोधात माहूरला येतो, दत्तात्रेय अंत्यविधी सांगतात, रेणुका तिथेच सती जाते. पुढे आईला पाहायला तो वेळेआधी मागे वळतो, तोवर जमिनीतून फक्त मुखच वर आलेले असते. गडावर आपण पूजतो तो तांदळा (देवीची फक्त मुखाची मूर्ती) हाच. माहूरच्या मातृतीर्थ या पवित्र कुंडाचाही उल्लेख हवा होता.