‘जळगावात बसून’ लिहिण्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, क्वांटम-सुरक्षित की एक्स्चेंजसाठी (क्वांटम संगणकालाही फुटू नये अशा रीतीने दोन यंत्रांनी गुप्त किल्ली ठरवणं; त्याचं मानक एमएल-केम) चिपमध्ये वेगळं सर्किट, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, का लागतं, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “माझा मोबाइल एमएल-केम डोळ्याचं पातं लवायच्या आत करतो. अ‍ॅक्सिलरेटर हे चिप विकणाऱ्यांचं खूळ आहे. उद्या मानक बदललं तर सिलिकॉन खरवडून काढणार का? जळगावात बसून चिप डिझाइन शिकवण्यापेक्षा केळीवर लिहा, लोकांच्या कामी येईल.”

शेवटचं वाक्य लिहिलं नसतंत तर हे उत्तर चार ओळींत संपलं असतं. केळीवर लिहिण्यात कमीपणा नाही. रावेरकडच्या ज्या घरांतली शिक्षणं केळीच्या पैशावर झाली, त्यांतलंच माझं घर. त्याच पैशावर मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलो, पुण्यात एका कंपनीत वर्षानुवर्षं व्हेरिलॉग (सर्किट लिहायची भाषा) लिहिलं, आणि आईच्या आजारपणात परत आलो. सिम्युलेटर इथेही चालतो. एफपीजीए बोर्ड (हवं ते सर्किट भरून तपासता येतं अशा चिपचा) टेबलावर आहे. केचॅकचं, म्हणजे एमएल-केमच्या आतल्या हॅशिंगचं (डेटा घुसळून आकडे काढण्याचं), सर्किट मी स्वतः लिहून त्यावर चालवलेलं आहे. तुम्ही काय चालवलंत ते प्रतिक्रियेत कुठे दिसलं नाही. मुंबईच्या माणसाने हे म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. तुम्ही धुळ्याचे. भुसावळ, शिरपूर, नंदुरबारची इंजिनिअरिंगची मुलं इथे वाचायला येतात. हे काम आपल्या गावात बसून करायचं नसतं, असं त्यांना आपल्याच माणसाकडून ऐकावं लागलं, याचा मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

एक गोष्ट मान्य. मोबाइल, लॅपटॉप, सर्व्हर यांना सॉफ्टवेअर पुरतं. क्रोम ब्राउझर २०२४ पासून हे मिश्र (जुनी आणि नवी पद्धत एकत्र) की एक्स्चेंज आपोआप करतो आणि कुणाला काही जाणवत नाही. लेखात हे एका ओळीत सांगायला हवं होतं.

पण लेख मोबाइलबद्दल नव्हताच. तो वीजमीटर, पंपाचा कंट्रोलर, स्मार्टकार्ड यांतल्या छोट्या चिपबद्दल होता. तिथे अडतं कुठे ते पाहा. एमएल-केम-७६८ मध्ये ३ × ३ बहुपदींचा तक्ता एका बीजापासून दर वेळी नव्याने तयार करावा लागतो. नऊ बहुपदी, प्रत्येकीत २५६ सहगुणक. शेक-१२८ या केचॅकवर चालणाऱ्या फंक्शनमधून १२-१२ बिटांचे आकडे काढायचे आणि ३३२९ किंवा त्याहून मोठा आला की टाकून द्यायचा. प्रत्येक बहुपदीला साधारण तीनदा केचॅक चालवावा लागतो, म्हणजे नुसत्या तक्त्याला सत्तावीसदा. केचॅकची अवस्था १६०० बिटांची, म्हणजे ३२ बिटांचे ५० शब्द. छोट्या प्रोसेसरच्या रजिस्टरांत ते मावत नाहीत, म्हणून केचॅकच्या चोवीसही फेऱ्यांत मेमरीतून आणा-ठेव चालू राहते आणि हजारो सायकल (चिपच्या घड्याळाचे ठोके) जातात. सर्किटमध्ये एका सायकलला एक फेरी बसवता येते: चोवीस सायकल, काम संपलं. कॉर्टेक्स-एम४ या छोट्या प्रोसेसरवर चांगलं हाताने लिहिलेलं असेम्ब्ली वापरलं तरी निम्म्याहून जास्त वेळ हॅशिंगमध्येच जातो. सगळे एनटीटीच्या (बहुपदींचा गुणाकार झटपट करण्याच्या रीतीच्या) मागे लागतात, आणि माझ्या मते चुकीच्या जागी सिलिकॉन खर्च करतात.

दुसरं, वेग हे एकमेव कारण नाही. २०२३ च्या अखेरीस कायबरस्लॅश ही त्रुटी उघड झाली (कायबर हे एमएल-केमचं आधीचं नाव). ३३२९ ने भागण्याची साधी सूचना काही प्रोसेसरवर आकड्यानुसार कमी-जास्त वेळ घेते, आणि त्या वेळेवरून गुप्त किल्लीचा माग काढता येतो. मूळ संदर्भ-कोडमध्येच ही भागाकाराची ओळ होती. सर्किटमध्ये तो भागाकार गुणाकार-शिफ्टने करून सायकल ठरावीक ठेवता येतात. विजेच्या वापरावरून होणारी गळती उरतेच, त्याला मास्किंग (गुप्त आकडे यादृच्छिक तुकड्यांत वाटून हिशोब करणं) लागतं, आणि तेही हार्डवेअरमध्ये विचारपूर्वक करावं लागतं. मीटर भिंतीवर उघडा असतो, त्याला प्रोब लावायला कुणाची परवानगी लागत नाही. तुमचा मोबाइल तुमच्या खिशात असतो. हा फरक लेखात स्पष्ट लिहिला होता. तो न वाचता ‘खूळ’ हा शब्द वापरलात.

मानक बदलण्याबद्दल फार लिहीत नाही. निस्ट या अमेरिकी मानक संस्थेने फिप्स २०३, म्हणजे एमएल-केमचं मानक, ऑगस्ट २०२४ मध्ये अंतिम केलं, आणि केचॅक तर डिजिटल सहीच्या एमएल-डीएसए मानकातही लागतो. तो ब्लॉक वाया जात नाही. चिप विकणाऱ्यांबद्दल म्हणाल, तर मी कुणाची चिप विकत नाही. विषय संपला.

पुढचा लेख केचॅकच्या आरटीएलवर (व्हेरिलॉगमधल्या सर्किटच्या वर्णनावर) आहे. त्यातल्या सायकलच्या हिशोबात चूक दाखवलीत तर ओळीओळीला उत्तर देईन. गावावरून पुन्हा बोललात तर प्रतिक्रिया काढून टाकीन, आणि त्याचं कारण विचारू नका.