अर्ध्या सेंटचं शहरप्रेम

रविवारी ओहायोतलं आमचं सगळं सिनसिनाटी नारिंगी होतं. जर्स्या, टोप्या, गाड्यांच्या खिडक्यांना लावलेले झेंडे, पोरांच्या गालांवर वाघाचे पट्टे. त्याचा मला राग नाही. आमचा अमेरिकन फुटबॉलचा संघ बेंगल्स जिंकला की मीही घसा बसेपर्यंत ओरडते. राग आहे तो सोमवारी त्याच तोंडांतून जे बाहेर पडतं त्याचा. "डाउनटाउनला आहे काय?" "बसनं जातं कोण?" "ती ट्राम म्हणजे पैशांचा नुसता चुराडा." हे ऐकून ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आदल्या दिवशी 'आमचं शहर' म्हणून छाती बडवत होतात ना? मग त्या शहरासाठी खिशात हात घालायची वेळ आली की तोंडं का वाकडी होतात?

आणि हे मी हवेत बोलत नाहीये. मतपेट्यांत सगळं नोंदलेलं आहे.

१९९६ च्या मार्चमध्ये हॅमिल्टन काउंटीत, म्हणजे सिनसिनाटी ज्या जिल्ह्यात येतं तिथे, मतदान झालं. प्रश्न साधा होता: बेंगल्स आणि बेसबॉलचे रेड्स या दोन्ही संघांना नवी स्टेडियम बांधून देण्यासाठी विक्रीकर डॉलरमागे अर्ध्या सेंटने वाढवायचा का? त्याआधी काही महिन्यांपूर्वीच क्लीव्हलंडचा फुटबॉल संघ बाल्टिमोरला निघाल्याची बातमी आली होती, आपलाही जाईल ही भीती सगळ्यांच्या मनात होती, आणि वर घरमालकांना घरपट्टीत सूट देण्याचं गाजर. साठ टक्क्यांहून जास्त लोकांनी 'हो' म्हटलं.

२००२ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच काउंटीत पुन्हा मतदान. पुन्हा अर्धा सेंट. या वेळी बस वाढवायला आणि लाइट रेल, म्हणजे शहरी रेल्वे, उभारायला. दोनास एकाहून जास्त फरकाने लोकांनी तो प्रस्ताव आपटला.

तोच अर्धा सेंट! तीच काउंटी, मध्ये फक्त सहा वर्षं! जे स्टेडियम फुटबॉलसाठी वर्षातून मोजून काही दिवस भरतं त्याला हो, आणि जी गाडी रोज सकाळी माणसांना कामावर नेईल तिला नाही. यावर कुणी मला 'लोकांची प्राधान्यं वेगळी असतात' असं शहाणपण शिकवू नये. याला प्राधान्य म्हणत नाहीत. हा नाकर्तेपणा आहे, आणि त्याची किंमत गेली वीसहून अधिक वर्षं तेच लोक मोजताहेत ज्यांच्याकडे गाडी नाही.

बरं, त्या स्टेडियमच्या हिशोबाचं तरी काय झालं? बेंगल्सशी करार असा लिहिला गेला की देखभालीचा आणि सुधारणांचा मोठा बोजा काउंटीच्या डोक्यावर. पुढेमागे होलोग्राफिक रीप्लेसारखं काही निघालं तर तेसुद्धा काउंटीने पुरवायचं, असं चक्क त्या करारात होतं! जे तंत्रज्ञान अजून कुठल्या मैदानावर आलेलं नाही त्याचं बिल आधीच जनतेच्या नावावर फाडून ठेवलं. विक्रीकर अंदाजाएवढा जमला नाही, स्टेडियमचा निधी तुटीत गेला, घरपट्टीतली सूट कापावी लागली, आणि २०११ मध्ये खड्डा बुजवायला काउंटीने स्वतःचं ड्रेक रुग्णालय विकलं. रुग्णालय विकलं, स्टेडियम राखलं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय म्हणायचं? २०२५ मध्ये नवा करार झाला: ४७ कोटी डॉलरचं नूतनीकरण, त्यातले ३५ कोटी काउंटीचे. तेव्हा कुणी विचारलं नाही की स्टेडियमला जातं कोण.

बसला मात्र दर वेळी विचारतात. २०२० मध्ये काउंटीभर बससाठी विक्रीकर अखेर मंजूर झाला, तोही केसाच्या अंतराने. तोवर जवळजवळ पन्नास वर्षं बसचा मुख्य भार शहराच्या उत्पन्नकरावर होता. उपनगरातल्यांना बस हवी तिथे हवी, पण तिचा खर्च शहराने उचलायचा. त्या पन्नास वर्षांचा अनुशेष आजही डोळ्यांना दिसतो. कित्येक ठिकाणी थांबा म्हणजे रस्त्याकडेला रोवलेला एक खांब. ना बाक, ना छप्पर. जानेवारीत तिथे एखादी नर्सिंग होममधली बाई रात्रपाळी करून उभी असते, आणि शेजारून तापवलेल्या सीटांच्या गाड्या तिच्या अंगावर चिखलाचा बर्फ उडवत जातात. त्या गाड्यांच्या मागे शहराच्या नावाचे स्टिकर असतात. मी ते बघितलंय, त्या खांबाशी तिच्याबरोबर उभी राहून बघितलंय, आणि म्हणून मला हे सौम्य शब्दांत सांगता येत नाही.

या शहराने जमिनीखाली काय काय पुरून ठेवलंय ते एकदा ऐका. १९१६ मध्ये लोकांनी भुयारी रेल्वेसाठी ६० लाख डॉलरच्या रोख्यांना प्रचंड बहुमताने मान्यता दिली. जुन्या कालव्याच्या पात्रात १९२० साली खोदकाम सुरू झालं. मधल्या काळात महायुद्धाने भाव चढवले, पैसे संपले, १९२७ मध्ये काम थांबलं. दोन मैलांहून लांब बोगदा, बांधलेली स्टेशनं, फलाट, सगळं तयार. वर सेंट्रल पार्कवे नावाचा देखणा रस्ता झाला. खाली आजवर एकही प्रवासी गाडी धावली नाही. रोख्यांची फेड चालू राहिली ती थेट १९६६ पर्यंत, व्याज धरून सव्वा कोटी डॉलरच्या वर. बोगद्यातून पाण्याची मोठी पाइपलाइन गेली, एका स्टेशनात अणुहल्ल्यासाठी निवारा झाला. रेल्वे सोडून सगळं झालं!

लोक याला गमतीची गोष्ट म्हणून पाहुण्यांना सांगतात. मला त्यात गंमत दिसत नाही. आणि जे म्हणतात की ती शंभर वर्षांपूर्वीची चूक होती, त्यांनी स्टेडियमजवळच्या सेकंड स्ट्रीटखाली काय आहे ते बघावं. २००३ मध्ये उघडलेलं रिव्हरफ्रंट ट्रान्झिट सेंटर! रस्ता नव्याने बांधताना खालून लांबच लांब बस स्थानक काढलं, पुढे रेल्वेलाही उपयोगी पडेल या हिशोबाने. तासाला हजारो माणसं हाताळायची त्याची क्षमता. आणि वापर? सामने, मोठे कार्यक्रम, बस उभ्या करून ठेवायला जागा. म्हणजे ऐंशी वर्षांत आपण शिकलो काय, तर रिकामा बोगदा आणखी चांगल्या काँक्रीटचा कसा बांधायचा हे.

युनियन टर्मिनल या रेल्वे स्टेशनाबद्दल बोलताना माझा आवाज आपोआप मऊ होतो, कारण त्या इमारतीवर माझा जीव आहे. १९३३ ची ती अर्धघुमटाची आर्ट डेको वास्तू, आतली विनोल्ड राइसची काचतुकड्यांची भव्य भित्तिचित्रं, त्यांतले कामगार. २०१४ मध्ये तिच्या दुरुस्तीसाठी लोकांनी विक्रीकर वाढवून घेतला आणि २०१८ मध्ये ती पुन्हा झळाळून उघडली. चांगलंच केलं, शंभरदा म्हणेन. पण दिवसाला २१६ गाड्यांसाठी बांधलेल्या त्या स्टेशनात आज प्रवासी गाडी येते प्रत्येक दिशेला आठवड्यातून तीन दिवस, तीही मध्यरात्रीनंतर. संग्रहालय म्हणून स्टेशन वाचवायला पैसे निघतात, स्टेशन म्हणून चालवायला निघत नाहीत. २०१० मध्ये क्लीव्हलंड, कोलंबस आणि सिनसिनाटी जोडणाऱ्या रेल्वेसाठी केंद्राने ४० कोटी डॉलर देऊ केले होते. ओहायोचे नवनिर्वाचित गव्हर्नर जॉन केसिक यांनी ते नाकारले. पावणेदोन-दोन तास गाडी हाकत कोलंबस गाठताना दर वेळी मला ते ४० कोटी आठवतात.

ट्रामच्या वेळी तर कहर झाला. साडेतीन मैलांचा फेरा, फक्त साडेतीन! तो अडवायला २००९ आणि २०११ अशी दोनदा मतदानं लावली, दोन्हीदा शहरातल्या लोकांनी विरोधकांना हरवलं. तरी २०१३ मध्ये रूळ रस्त्यात टाकायला सुरुवात झालेली असताना नवे महापौर जॉन क्रॅनली आले आणि काम थांबवायला निघाले. एका खासगी प्रतिष्ठानाने चालवण्याच्या खर्चाची हमी दिली तेव्हा कुठे कौन्सिलने पुन्हा होकार दिला. २०१६ मध्ये ट्राम सुरू झाली. एकूण खर्च सुमारे १४ कोटी ८० लाख डॉलर, म्हणजे स्टेडियमच्या ताज्या नूतनीकरणातल्या काउंटीच्या वाट्याच्या निम्म्याहूनही कमी. ती आता फुकट आहे. फिंडले मार्केटला भाजीला जाणारी म्हातारी माणसं तिच्यात बसतात, बाबागाड्या घेऊन आया बसतात. आणि तरी 'चुराडा' तिचाच.

आता आपल्या मराठी लोकांकडे वळते, कारण इथे माझा राग दुप्पट होतो.

मेसन आणि वेस्ट चेस्टर या उपनगरांत आपली मंडळी भरपूर. मेसन वॉरन काउंटीत, वेस्ट चेस्टर बटलर काउंटीत. म्हणजे सिनसिनाटीच्या ट्रामवर किंवा हॅमिल्टन काउंटीच्या बसकरावर यांना मतही नाही. पण गणपतीच्या जेवणात पंगतीला बसलं की सिनसिनाटीचं कुठं काय चुकलं यावर सगळ्यात मोठा आवाज यांचा. "डाउनटाउन सेफ नाही हो." अहो काका, तुम्ही शेवटचे गेलात कधी? पुण्याहून आई-बाबा आले तेव्हा, फाउंटन स्क्वेअरचं कारंजं आणि रोबलिंगचा पूल दाखवायला. फोटोला शहर लागतं. अमेरिकेत कुठं राहता विचारलं की सिनसिनाटी सांगायला लागतं. पण त्याच्या फुटपाथवर पाय ठेवायचा नाही.

आणि त्या आई-बाबांचं काय हो? व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी येतात. तिकडे सकाळी सहाला पर्वती चढणारी, पीएमटीने लक्ष्मी रोडला एकटी जाऊन येणारी, देवळात, मंडईत, कट्ट्यावर चार माणसांशी बोलणारी माणसं. इथे चार बेडरूमच्या घरात सोमवार ते शुक्रवार बंद. कॉलनीच्या तोंडापर्यंत चालत गेलं की पुढे फुटपाथ संपतो आणि पन्नास मैलांच्या वेगाने गाड्या सुरू होतात. दूध आणायचं म्हटलं तरी मुलाची वाट बघायची. माझ्या एका मैत्रिणीची आई मला म्हणाली, "अगं, सगळं आहे गं इथं, पण मला कुठं जाताच येत नाही." एका कर्त्या बाईला परावलंबी करून टाकलं आपण, आणि त्यालाच 'क्वायट नेबरहूड' म्हणून जास्तीचे पैसे मोजले! मग ती माऊली "तिकीट लवकरचं करून दे" म्हणते तेव्हा मुलगा म्हणतो की तिला करमत नाही. कसं करमेल? गाडी न चालवणाऱ्या माणसाने जगावं कसं, याचा इथे कुणी विचारच केलेला नाही, आणि ज्यांनी करायचा प्रयत्न केला त्यांना तुम्ही हसलात.

हे सगळं आपोआप घडलं असंही कुणी समजू नये. पन्नासच्या दशकाच्या शेवटी शहराने वेस्ट एंडचा केन्यन-बार भाग 'झोपडपट्टी' ठरवून पाडायला घेतला. पंचवीस हजारांहून अधिक माणसं उठवली, जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय. घरं, चर्च, दुकानं, सलून, सगळं भुईसपाट. त्या जागी गोदामं आणि उद्योगांची वसाहत आली, शेजारून इंटरस्टेट ७५ हा महामार्ग. म्हणजे ज्या रस्त्याने तुम्ही वीस मिनिटांत घरी पोहोचण्याची अपेक्षा ठेवता, तो लोकांच्या दारातून काढलेला आहे. १९५० मध्ये या शहरात पाच लाखांवर माणसं होती, २०२० मध्ये तीन लाख नऊ हजार. २०२३ मध्ये महापौर आफताब पुरेवाल आणि कौन्सिलने केन्यन-बारच्या रहिवाशांची जाहीर माफी मागितली. आणि वेस्ट एंडचा जो तुकडा उरला होता त्यात २०२१ मध्ये काय उघडलं? सॉकरचं स्टेडियम! आजूबाजूच्या पायाभूत सुविधांसाठी शहराचे सुमारे साडेतीन कोटी डॉलर घेऊन.

शहराकडे एक गोष्ट अशी होती जी अमेरिकेत दुसऱ्या कुठल्याच शहराकडे नव्हती: स्वतःची आंतरराज्य रेल्वे. टेनेसीतल्या चॅटनूगापर्यंत ३३८ मैल, एकोणिसाव्या शतकात शहराने स्वतःच्या पैशाने बांधलेली. २०२३ च्या मतदानात ती १६० कोटी डॉलरना विकायला मंजुरी मिळाली. तिचं उत्पन्न जुन्या पायाभूत सुविधांच्या दुरुस्तीलाच वापरायचं, नवं काही बांधायचं नाही, अशी अट. म्हणजे रेल्वे विकून आलेल्या पैशातून रेल्वेचा नवा फूटभर रूळही टाकता येणार नाही.

त्यातच आता ओहायो नदीवरच्या ब्रेंट स्पेन्स पुलाच्या शेजारी नवा पूल. १९६३ मध्ये दिवसाला ८० हजार गाड्यांसाठी बांधलेल्या जुन्या पुलावरून आज दुप्पट गाड्या जातात, त्यामुळे काहीतरी करणं भाग होतं हे मलाही कळतं. केंद्राने एका फटक्यात १६० कोटी डॉलरहून जास्त दिले. दोन पक्षांचे नेते नदीकाठी एकत्र उभे राहिले, टाळ्या वाजल्या. कुणी मतदान मागितलं नाही, कुणी 'जातं कोण' विचारलं नाही. नव्या पुलाला दोन मजले असणार, मार्गिकांवर मार्गिका, आणि रेल्वेचा एकही रूळ नाही. त्या मार्गिकाही भरतील. मग संध्याकाळी साडेपाचला नदीच्या मधोमध अडकून पडलात की मला फोन करून या शहराच्या नावानं बोटं मोडू नका. मी उचलणार नाही.