प्रतिक्रियेला उत्तर: म्हणे 'गर्दुल्ल्याची आरती'

'एक वाचक' यांस,

जॅझ ट्रंपेटवादक आणि गायक चेट बेकरवरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. 'गर्दुल्ल्याची आरती ओवाळताना लाज कशी वाटत नाही' हे पहिलंच वाक्य, मग बेकर म्हणे ट्रंपेटवादक माईल्स डेव्हिसची नक्कल करायचा, गायचा बेसूर, आणि लेख पाल्हाळिक. पाल्हाळ मान्य. बेकर ज्यात वाजवायचा त्या सॅक्सोफोनवादक जेरी मलिगनच्या बिनपियानोच्या क्वार्टेटवर (चौघांच्या संचावर) जरा जास्तच रेंगाळलो.

पण लाज? अहो मतभेद असू देत, पण ही कुठली बोलायची पद्धत? आणि आरती कुठे ओवाळली ते दाखवा ना. बेकर हेरॉइनपायी इटलीत लुक्काला वर्षभराहून जास्त तुरुंगात होता, बायकामुलांना वाऱ्यावर सोडलं, १३ मे १९८८ ला अॅमस्टरडॅमला हॉटेलच्या खिडकीतून पडून गेला, अंगात हेरॉइन आणि कोकेन दोन्ही सापडलं, हे सगळं लेखातच आहे की. तुम्ही बहुतेक फोटो बघून थेट खाली कमेंट टाकायला आलात.

व्यसन म्हणजे काय ते मला शिकवू नका. माझा सख्खा काका दारूत गेला, रात्री-अपरात्री त्याला उचलून आणायला मीच जायचो, त्यामुळे कुणाची नशा आणि कुणाचं काम हे वेगळं बघायला मी फार आधी शिकलोय. आणि शाळेच्या बँडमध्ये ट्रंपेटही वाजवलंय. माउथपीस ओठांवर टेकवून फुंकायचं तर मागून पुढच्या दातांचा आधार लागतो, नुसता ओठ फुटला तरी वरचे सूर लागेनासे होतात. बेकरला १९६६ मध्ये मारहाण झाली, पुढे दात काढून कवळी बसवावी लागली, आणि ती कवळी घालून तो पुन्हा पहिल्यापासून फुंकायला शिकला, १९७४ मध्ये मलिगनसोबत न्यूयॉर्कच्या नावाजलेल्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवलं. मी लिहिलं ते याबद्दल. यात नशेचं कौतुक कुठून आलं बुवा?

बाकी नक्कल, बेसूर वगैरेचा मला कंटाळा आलाय. १९५२ मध्ये जॅझमधला दिग्गज सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करने लॉस एंजेलिसला बेकरला सोबत वाजवायला घेतलं होतं, आता पार्करलाच कान नव्हते म्हणत असाल तर विषयच संपला. पुढच्या वेळी बेकरचं १९८७ चं टोकियोचं रेकॉर्डिंग ऐकून या, आणि जमलं तर नावानिशी या. प्रतिक्रिया डिलीट करत नाहीये, राहू दे, सगळ्यांना दिसू दे.