गाठ विरली, पण काढ्यानं नव्हे

सध्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय : "बाळाच्या हृदयात गाठ म्हणजे कॅन्सर. आईनं ग्रहणात चिराचिरी केली की होते. ऑपरेशन करू नका, तीन महिने काढा पाजा, विरघळते."

सांगलीत माझा लहान मुलांचा दवाखाना आहे. परवा तासगावकडच्या एक आजी सुनेला आणि पाच महिन्यांच्या नातवाला घेऊन आल्या, तीन महिन्यांनी उगवल्या, आणि हा मेसेजच पुढे केला. पोटात असतानाच सोनोग्राफीत या बाळाच्या हृदयात तीन गाठी दिसल्या होत्या.

कॅन्सर? तान्ह्यांच्या हृदयातल्या गाठी मुळात विरळा, आणि त्यातल्या दहातल्या नऊ कॅन्सरच्या नसतात. सर्वांत जास्त सापडते ती रॅब्डोमायोमा. एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पांढरट, गुळगुळीत गोळे दिसतात. तुकडा काढून तपासायची वेळ सहसा येत नाही.

ग्रहण? दोष टीएससी १ किंवा टीएससी २ या जनुकात असतो, आणि बहुतेकदा तो बाळातच नव्यानं झालेला असतो. विळीचा काही संबंध नाही.

ऑपरेशनचं म्हणणं अर्धं खरं. रक्ताची वाट अडली किंवा ठोके औषधानं आवरेनात, तरच ते लागतं; काही बाळांना एव्हरोलिमस हे औषध देऊन गाठ लहान करतात. पण फायब्रोमा नावाची दुसरी गाठ आपोआप जात नाही. म्हणून गाठ कुठली, हे आधी ठरवावं लागतं.

आता काढा. रॅब्डोमायोमा जन्मानंतर बहुधा आपोआपच आक्रसते. श्रेय मात्र काढ्याला. "मग पाजला तर बिघडलं काय, डॉक्टर?" आजी म्हणाल्या. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नसतं, हे एक. दुसरं जास्त महागात पडतं : गाठ गेली म्हणून लोक यायचेच बंद होतात. अशा एकाहून जास्त गाठी असल्या की बहुधा ट्यूबरस स्क्लेरोसिस, म्हणजे त्याच जनुकांच्या दोषाचा आजार, असतो. त्यात मेंदूवर आणि मूत्रपिंडांवरही परिणाम होतो. या बाळाचं झबलं वर केलं, तर पाठीवर पानाच्या आकाराचा फिकट डाग, याच आजाराची खूण. आजींना वाटलं, दूध कमी पडतंय.

या आजारात झटके बहुतेकदा याच वयात सुरू होतात. बाळ मान टाकतं, हात फेकतं, पुन्हा पुन्हा, ओळीनं. घरचे म्हणतात दचकतंय, पोटात मुरडा आहे. व्हिगाबॅट्रिन हे झटक्यांचं औषध वेळेत सुरू झालं नाही तर वाढ मागे पडू शकते.

सूनबाई इतका वेळ गप्प होत्या. "झोपेतनं उठल्यावर करतोय तसलं, तेच का?"

ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, त्याच दुपारी मिरजेत काढला.